मुळांच्या गाठी उलगडणारा माणूस

दोस्तांनो, सोयाबीनचं रोप उपटून मुळं बघितलीत कधी? त्यांवरच्या गाठी म्हणजे रोग नव्हे बरं का! त्यात राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात. अशा गाठींतले जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून वाढवले ते मार्टिनस बायेरिंक यांनी.

१८५१ मध्ये ॲमस्टरडॅमला जन्म. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडालेला. शिकून शेतकी शाळेत शिकवलं, मग डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी धरली. तिथेच १८८८ मध्ये शेंगवर्गीय पाल्याच्या काढ्यावर त्यांनी हे जिवाणू वाढवून दाखवले. पुढे ते प्राध्यापक झाले. स्वभाव कडक, लग्न केलं नाही, आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. १९३१ मध्ये ते वारले.

आज आपल्याकडे पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात, त्याची सुरुवात इथलीच. पण जमिनीत कॅडमियम, जस्त जास्त झालं की हे जिवाणू दमतात, गाठी कमी धरतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून धातू सोसणाऱ्या जिवाणूंचा शोध सुरू आहे. तुम्हीही शेतात गेलात की एक गाठ फोडा. आत गुलाबी दिसली, तर समजा काम चालू आहे!