उशिरा झालेला श्रीगणेशा

गणेशमूर्तींमुळे पेणचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्याच पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. १८५७ सालच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडलेले आणि तिथून जिवंत परतून ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे याच गावचे. भटजी काही लेखक नव्हते. भिक्षुकी करणारा, कर्जाने गांजलेला, चारचौघांसारखा संसारी माणूस. त्यांच्या हातून पुस्तक कसे लिहिले गेले, ते आपण मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळींनी मुद्दाम समजून घेण्याजोगे आहे.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी बातमी कोकणात पोहोचली. घरचे कर्ज फिटेल या आशेने भटजी काकांना सोबत घेऊन १८५७ साली उत्तरेकडे निघाले. वय तिशीच्या आसपास. पुणे, नगर करत सातपुडा ओलांडून ते महूजवळ पोहोचले, तोच शिपायांच्या बंडाची कुणकुण लागली. मागे फिरणे जमले नाही. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे फिरत ते झाशीला आले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले.

पुढे इंग्रजांनी शहराला वेढा घातला. तोफांचे गोळे, पाण्याचे हाल, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट हे सारे भटजींनी शहरात राहून पाहिले. जीव वाचला, पण मिळवलेली दक्षिणा गेली. कालपीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना विहिरीपाशी पुन्हा दिसली. तिथून चित्रकूट, अयोध्या, काशी करत, गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले. पैसा फारसा हाती लागलाच नाही. आणलेल्या गंगाजलाने आईवडिलांना स्नान घातले, हीच कमाई.

घरी आल्यावर भटजी लगेच लिहायला बसले नाहीत. इंग्रजांचे राज्य पक्के झाले होते, बंडाच्या गोष्टी कागदावर उतरवणे धोक्याचे होते. शिवाय आपल्यासारख्याने पुस्तक लिहावे, असे कुणा भिक्षुकाच्या मनात तरी का येईल? वीसहून अधिक वर्षे अशीच गेली. आठवणी होत्या, पण त्यांना कागद मिळत नव्हता.

तो मिळाला चिंतामण विनायक वैद्य यांच्यामुळे. महाभारताचे अभ्यासक म्हणून पुढे नावाजलेले आणि ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झालेले वैद्य तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी भटजींना सगळी हकीकत लिहून काढण्याचा आग्रह केला, आणि १८८३ साली भटजींनी लेखनाचा श्रीगणेशा केला.

सुरुवात कुठून केली, हेही पाहण्यासारखे आहे. राणीपासून नाही, लढाईपासूनही नाही. आपले घराणे, घरची गरिबी, डोक्यावरचे कर्ज आणि आईवडिलांचा निरोप, इथून त्यांनी आरंभ केला. त्यामुळे पुढचा सारा प्रवास एका खऱ्या माणसाचा वाटतो. इतक्या वर्षांनी आठवून लिहिल्यामुळे काही तपशील इकडचे तिकडे झाले आहेत. पण स्वयंपाक, सोवळे, तहान, भीती, लोकांचे बोलणे-चालणे यांची नोंद सरकारी कागदांत कुठून सापडणार?

पुस्तक छापलेले पाहणे मात्र भटजींच्या नशिबी नव्हते. वैद्यांनी ते १९०७ साली, भटजींच्या निधनानंतर, काटछाट करून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली आली. हिंदीत हा ग्रंथ नेला अमृतलाल नागर यांनी.

वैद्यांनी आग्रह केला नसता, तर झाशीची ही हकीकत भटजींबरोबरच गेली असती. आपल्या बालाघाटातल्या मराठी घरांतही अशा हकीकती आहेत. कुणाचे पूर्वज वैनगंगेच्या काठी शेतीवाडीसाठी आले, कुणाचे रेल्वेच्या नोकरीत, कुणाचे भरवेलीच्या मँगनीज खाणीवर. ते का निघाले, वाटेत काय झाले, पहिला गणपती कुठल्या खोलीत बसवला, हे सांगू शकणारी माणसे दर वर्षी आरतीला कमी होताना आपण पाहतो.

आजी-आजोबा आपणहून लिहायला बसणार नाहीत. भटजीही बसले नव्हते. विचारणारा कुणीतरी हवा, आणि तो बावीस वर्षांचा असला तरी चालतो. आपली मुले हिंदी शाळेत शिकली म्हणून अडत नाही, देवनागरी त्यांना येतेच. शब्द अडला तर आजी सांगेल. या दहा दिवसांत, आरती झाल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावे आणि एवढेच विचारावे, की आपले घर इथे आले कसे. पहिले पान तिथूनच सुरू होईल.