एक्स्प्लेनर: लोकलच्या हिसक्यात पाय आपोआप कसे सावरतात? हे उलगडणाऱ्या शेरिंग्टन यांची गोष्ट

विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल पकडली की बसायला जागा मिळेल ही आशा कुणी ठेवत नाही. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन. कल्याणच्या अलीकडे गाडी हिसका देते, शरीर पुढे कलतं, पण आपण पडत नाही. काय झालं हे कळायच्या आत पोटऱ्या आवळलेल्या असतात.

पुढे कलताना पोटरीचा स्नायू ताणला जातो आणि ताणला गेला म्हणूनच तो आकसतो. याला स्ट्रेच रिफ्लेक्स म्हणतात, म्हणजे ताणामुळे होणारी प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तीही हीच क्रिया. पूर्ण तोल एकटी तीच सांभाळत नाही. डोळे, आतला कान आणि मेंदूही कामाला लागतात, पण पहिली हालचाल तिची असते.

ही यंत्रणा उलगडण्यात सर्वांत मोठा वाटा सर चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन यांचा. विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा ‘सिनॅप्स’ हा शब्दही १८९७ मध्ये त्यांनीच रूढ केला.

भांडण हातोडीवरून होतं

शेरिंग्टन यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. ते वाढले इप्सविचमध्ये, सर्जन केलेब रोझ यांच्या घरी. पुढे केंब्रिजला शिकले, रग्बी खेळले आणि डॉक्टर झाले. सुरुवातीचा ओढा जंतुशास्त्राकडे होता. कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी ते स्पेन आणि इटलीत गेले, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकले. १८९०च्या दशकात घटसर्पाने घशाशी आलेल्या आपल्या भाच्याला त्यांनी घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या प्रतिविषाची मात्रा टोचली. ते औषध इंग्लंडमध्ये तेव्हा जवळपास कुणी वापरलेलं नव्हतं. मुलगा वाचला.

त्याच काळात ते मज्जासंस्थेकडे वळले. गुडघ्याच्या झटक्यावर तेव्हा वाद चालू होता. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकात त्याचं वर्णन केलं होतं. एर्ब यांच्या मते संदेश मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येतो. वेस्टफाल यांच्या मते ठोका बसला की स्नायू जागच्या जागी आकसतो. पुढे वेळ मोजली गेली तेव्हा वेस्टफाल यांच्या बाजूला बळ मिळालं, कारण इतक्या कमी वेळात संदेश जाऊन परत येईल यावर अनेकांचा विश्वास बसेना.

आज आपल्याला आकडे माहीत आहेत. ठोका पडल्यापासून सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात मांडीचा स्नायू प्रतिसाद देऊ लागतो. हा संदेश नेणारे तंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत. त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. आपली लोकल त्याच्या जवळपासही नाही!

स्नायू नुसता हुकमाचा ताबेदार नाही

स्नायूकडे जाणारी नस म्हणजे हुकूम पोहोचवणारी तार, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. शेरिंग्टन यांनी १८९४ मध्ये तो मोडला. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती बिघाड शोधणाऱ्या वायरमनसारखी आहे. मेरुरज्जूतून हुकूम घेऊन निघणारी मुळं त्यांनी प्राण्यांमध्ये कापली आणि काही आठवडे वाट पाहिली. हुकमाचे तंतू सुकून गेले. तरीही नसेत बरेच तंतू जिवंत राहिले. ते अर्थातच उलट्या दिशेचे, स्नायूकडून बातमी आणणारे होते. एकूण तंतूंपैकी एक तृतीयांश ते निम्मे!

हे तंतू स्नायूच्या आत दडलेल्या, सूत कातायच्या चातीसारख्या आकाराच्या बारीक अवयवांपाशी पोहोचत होते. त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला हे ते मोजतात. ही बातमी मेरुरज्जूत पोहोचते आणि तिथून थेट त्याच स्नायूला आकसण्याचा हुकूम सुटतो. मेंदूला विचारत बसत नाहीत. त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या स्नायूला सैल सोडलं जातं. तसं झालं नाही तर दोन्हीकडून ओढाताण होऊन पाय अडकून बसेल. ही जोडव्यवस्थाही शेरिंग्टन यांनीच तपशीलवार दाखवली.

१८९५ पासून ते लिव्हरपूलला आणि १९१३ पासून ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात थकव्याचा अभ्यास करण्यासाठी पन्नाशी उलटलेले हे प्राध्यापक बर्मिंगहॅमच्या दारूगोळा कारखान्यात साधे कामगार म्हणून राबले.

निर्णायक प्रयोग १९२४ चा. सहकारी एडवर्ड लिडेल यांच्यासोबत त्यांनी मेंदूचा वरचा भाग वेगळा केलेल्या मांजरांवर तो केला. (असे प्रयोग आज नैतिक समितीच्या परवानगीशिवाय होत नाहीत.) खाली सरकणाऱ्या टेबलाच्या मदतीने मांडीचा स्नायू काही मिलिमीटर ताणला. स्नायूने जोरात उलट ओढ दिली आणि ताण होता तोवर ती टिकवली. बातमी आणणारी मुळं कापल्यावर तोच स्नायू नुसत्या रबरासारखा ताणला गेला. वजन पेलणाऱ्या स्नायूंत ही क्रिया विशेष जोमदार दिसली. हातोडीचा झटका म्हणजे तिचा एक निसटता तुकडा. तिचं खरं काम आपल्याला उभं ठेवणं.

१९३२ चं नोबेल त्यांना एडगर एड्रियन यांच्यासोबत मिळालं, वयाच्या पंचाहत्तरीत. अखेरच्या वर्षांत संधिवाताने त्यांचंच शरीर आखडलं. ४ मार्च १९५२ रोजी ईस्टबोर्न इथे ते गेले.

घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर

डॉक्टर आजही हातोडीने हीच वाट तपासतात. झटका येतच नसेल तर नस दुखावलेली असू शकते. जुन्या मधुमेहात घोट्याचा झटका अनेकदा नाहीसा होतो. झटका नको तितका जोरात असेल तर वर मेंदूत किंवा मेरुरज्जूत बिघाडाची शंका येते. काही धडधाकट माणसांतही तो कमी-जास्त असतो, म्हणून डॉक्टर दोन्ही बाजूंची तुलना करतात.

पक्षाघातानंतर मेंदूचा लगाम सुटतो आणि काही आठवड्यांत हात कोपरात दुमडून मूठ आवळली जाऊ शकते. घरची माणसं काळजीपोटी तो हात झटक्याने सरळ करायला जातात. पण स्पिंडल वेगही मोजतात, त्यामुळे जितक्या झटक्याने ओढाल तितका स्नायू जास्त अडतो. सावकाश, एकसारखा ताण दिला तर तो बऱ्याचदा काही प्रमाणात सैल होतो. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट तपासताना तोच हात एकदा हळू आणि एकदा वेगात हलवून बघतात. घरी व्यायाम देण्याआधी त्यांच्याकडून किती हळू, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.