सूर्य रात्री कुठे होता? आणि नागावचे केरोपंत

मागच्या हिवाळ्यात माझ्या रात्रपाळीला तापाने आलेली सात वर्षांची एक मुलगी पहाटेपर्यंत जागी होती. सरसगडाच्या माथ्यावर ऊन आले तेव्हा तिने विचारले की, रात्रभर सूर्य कुठे होता? आजीने सांगितले की तो समुद्रात बुडतो आणि सकाळी डोंगरामागून वर येतो.

मी तिच्या उशाजवळचे मोसंबे घेतले आणि त्यावर पेनाने ठिपका काढला. ही आपली पाली. मोबाइलची बॅटरी समोर धरली, तो सूर्य. मग मोसंबे जागच्या जागी डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवले. ठिपका उजेडात शिरला की पालीत सकाळ, बॅटरीच्या बरोबर समोर आला की दुपार, पलीकडच्या अंधारात गेला की रात्र. बॅटरी जागची हलली नाही. पृथ्वी अशी एक फेरी साधारण चोवीस तासांत घेते. आपल्याकडे रात्र असते तेव्हा सूर्य पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या मुलांना उजेड देत असतो.

तिला ते पटले, पण पुरते नाही. पृथ्वी फिरते तर आपल्याला गरगरत का नाही? या फेरीत पाली ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते; पण आपण, घरे, हवा, अंबा नदीचे पाणी, सारे एकाच संथ गतीने बरोबर जातो. चांगल्या रस्त्यावर एसटी एकसारखी धावत असली की डुलकी लागते, धक्का बसतो तो ब्रेक लागल्यावर. पृथ्वी ब्रेक लावत नाही.

तिचा शेवटचा प्रश्न मात्र अवघड होता: हे तुम्हाला कसे कळले? मी ते पुस्तकातून शिकलो होतो. पुस्तक आणि आकाश ताडून पाहण्यात आयुष्य घालवलेला एक माणूस आपल्याच जिल्ह्यात जन्मला, त्याची तेव्हा आठवण झाली.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागावचा. लहान वयातच ते शिक्षणासाठी मुंबईत आले. तिथे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी या मुलाची गणितातली समज ओळखली आणि केरोपंत पंधरा-सोळाव्या वर्षीच कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक झाले. वेधशाळेत दिवस काय नि रात्र काय, ठरलेल्या वेळी यंत्रापाशी जायचे, आकडा वाचायचा आणि दिसला तसाच लिहायचा. मनाला हवा तो आकडा लिहायची मुभा नाही. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर दर काही तासांनी तापाचा तक्ता भरतात, तसेच हे काम.

१८५१ मध्ये ते पुण्यात अध्यापनाला गेले. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. त्याआधीच केरोपंत मुलांना गणित शिकवत होते. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली बाळ गंगाधर टिळक शिकले आणि गुरूंविषयीचा आदर त्यांनी जन्मभर बाळगला. मराठी शाळांसाठी केरोपंतांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली.

त्यांची खरी कसोटी लागली ती पंचांगात. आपल्याकडची बहुतेक पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो १५२० साली रचला गणेश दैवज्ञांनी, आणि तेही आपल्याच किनाऱ्यावरच्या, मुरूडजवळच्या नांदगावचे. ग्रंथ उत्तम होता. पण रोज काही सेकंद मागे पडणारे घड्याळ वर्षभरात किती मागे जाईल? तशी तीनशे वर्षांत गणितातली बारीक चूक साठत गेली. पंचांगातली ग्रहांची आणि ग्रहणांची वेळ प्रत्यक्ष आकाशाशी जुळेना.

केरोपंतांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नवे गणित मराठीत आणले. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्यावरून नवे पंचांग निघू लागले, ते पटवर्धनी पंचांग. यात रेवती नक्षत्राच्या ठरावीक ताऱ्यापासून मोजणी केली होती. त्यामुळे संक्रांत सुमारे चार दिवस पुढेमागे होई आणि कधी कधी अधिक महिनाही वेगळा येई. म्हणजे सण वेगळ्या दिवशी. घराघरात ही गोष्ट साधी नव्हती. बहुतेकांनी जुनेच पंचांग चालू ठेवले. केरोपंतांनी गणित बदलले नाही. १९ मार्च १८८४ रोजी ते वारले, तेव्हाही त्यांचे पंचांग वापरणारे थोडेच होते.

पुढे टिळकांनी ही बाजू उचलून धरली. कोकणात आजही काही घरांत टिळक पंचांग पाळतात आणि एखाद्या वर्षी त्यांचा गणपती शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर येतो. त्यामागे नागावच्या या माणसाचा हिशेब आहे. कोणत्या ताऱ्यापासून मोजायचे यावर विद्वानांचे मतभेद राहिले. ग्रहांचे गणित आकाशाशी जुळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र पुढच्या पंचांगकर्त्यांनी मानला.

डॉक्टर म्हणून मला हा आग्रह जवळचा वाटतो. रिपोर्टमध्ये सारे ठीक असते आणि समोरच्या मुलाला धाप लागलेली असते. अशा वेळी मूल पाहायचे, कागद नाही.

त्या मुलीला मी एक काम दिले. अंगणात सरळ काठी रोवायची आणि बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सगळ्यांत आखूड सावली बाराला नाही, तर साडेबारा ते पाऊणच्या आसपास पडते, कारण आपले घड्याळ पूर्वेकडच्या रेखावृत्ताच्या वेळेवर चालते. खडे एकाच दिशेने सरकत जातात, ती पृथ्वीची फेरी. मेच्या मध्यावर तर पालीत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. केरोपंतांचा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतो. ढग नसले तर मुलांना घेऊन उन्हात पाच मिनिटे उभे राहा. टोपी घाला, आणि सूर्याकडे नव्हे, सावलीकडे बघा.