मल्लवीर खाशाबा जाधव

सातारा आणि सांगली हे आज दोन वेगळे जिल्हे आहेत. परंतु कुस्तीच्या वेडाला ही हद्द ठाऊक नाही. आटपाडीचा माणदेशी माळ असो की कराडचा कृष्णाकाठ असो, गावची जत्रा म्हटली की आखाडा भरायचाच. हलगी कडाडू लागते, फेटेवाले पंच मैदानात उतरतात आणि आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. पुढे मोठे मल्ल होणारे कित्येक जण पहिल्यांदा मातीत उतरतात, ते अशा मूठभर रेवड्यांसाठीच.

याच मुलुखात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात, १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान होते. पाच मुलांपैकी खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच गुरू असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून त्यांचे अंग तांबड्या मातीत मळू लागले. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर ही तर मल्लांची पंढरीच! तेथील वस्तादांच्या नजरेखाली त्यांचे डाव पक्के झाले. खाशाबांची शरीरयष्टी काही धिप्पाड नव्हती. पण चपळाई विलक्षण होती. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला जमिनीवर आदळणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा तेथे गेले. परंतु तेथे पाहतात तो माती कोठेच नाही! कुस्त्या होणार होत्या गादीवर. मातीत पायाची बोटे रोवता येतात, गादीवर पाय निसटतो. आपल्याकडे एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चालत राही. तेथे घड्याळ लावलेले असे आणि कुस्ती निकाली झाली नाही, तर पंच गुणांवर निर्णय देत. बाळपणापासून अंगवळणी पडलेल्या कितीतरी गोष्टी विसरून बावीस वर्षांच्या मल्लाला नव्याने श्रीगणेशा करावा लागला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना ही नवी रीत शिकवली. तरीही बावन्न किलो वजनाच्या गटात खाशाबा सहावे आले. अनोळखी गादीवर हे यश थोडे नव्हते. पण खाशाबांना ते पुरेसे वाटले नाही. परत आल्यावर त्यांनी आपला व्यायाम वाढवला आणि चार वर्षे गादीवरच्या कुस्तीचा ध्यास घेतला.

१९५२ चे सामने फिनलंड देशातील हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. परंतु तेथवर पोचण्याआधी घरच्याच दोन अडचणी चीतपट करावयाच्या होत्या. मद्रासच्या स्पर्धेत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांना वाटले. पुष्कळ जण अशा वेळी रागावून घरी बसतात, नाहीतर पंचांशी भांडत सुटतात. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती घेण्याची विनंती केली. ती मान्य झाली. निरंजन दास यांच्याशी झालेली ती कुस्ती खाशाबांनी जिंकली आणि त्यांची निवड झाली.

दुसरी अडचण होती पैशाची. शेतकऱ्याच्या घरी परदेशच्या प्रवासाचे पैसे कोठून येणार? गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. तरी रक्कम पुरी होईना. अखेर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. आपला विद्यार्थी जिंकेल की हरेल, हे त्यांना तरी कोठे माहीत होते? जिंकला असता तरी ऑलिंपिकच्या पदकाबरोबर पैसे मिळत नाहीत, हे मात्र त्यांना पुरते ठाऊक असणार. त्या सात हजारांचे ओझे मनावर घेऊन खाशाबा हेलसिंकीच्या गादीवर उतरले.

या वेळी ते सत्तावन्न किलो वजनाच्या गटात होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांचे मल्ल त्यांनी एकामागून एक हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी मात्र फार वेळ झुंज चालली आणि इशी गुणांवर विजयी झाले. या झुंजीने खाशाबा थकून गेले होते. दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तरीही त्यांना लगेच रशियाच्या रशीद मामादबेयोव यांच्याशी लढण्यासाठी बोलावले गेले, अशी हकिकत सांगतात. त्यांच्या बाजूने नियम दाखवून बोलेल, असा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उठले, लढले आणि हरले. इशींना सुवर्णपदक मिळाले, मामादबेयोव यांना रौप्यपदक. तिसरे स्थान खाशाबांचे होते. २३ जुलै १९५२ हा तो दिवस. स्वतंत्र भारतासाठी एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले खेळाडू ठरले.

खाशाबा कराडच्या स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांना नेण्यासाठी शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. स्टेशनपासून गोळेश्वरची वाट ती केवढी. पण मिरवणुकीला काही तास लागले. गुलाल उधळला जात होता, वाद्ये वाजत होती. हा सोहळा संपल्यावर खाशाबांनी जे केले, ते मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः त्यात उतरले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांचा गुडघा दुखावला आणि ती संधी हुकली. नोकरीत बढतीसाठी त्यांना फार दिवस वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त झाल्यावर थोड्याच काळात ते निवृत्त झाले. पुढे निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

भारताला वैयक्तिक खेळातील पुढचे ऑलिंपिक पदक मिळाले, ते १९९६ साली टेनिसमध्ये, लिअँडर पेस यांच्याकडून. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. सन २००० मध्ये खाशाबांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीसाठी जे बंदिस्त मैदान आहे, त्याला गोळेश्वरच्या या मल्लाचे नाव दिले आहे.