बंदिवासातील प्रभुसेवक एरिक लिडेल

दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांत जे बंदिवान झाले, त्यांत १९४२ साली सिंगापुरास पकडलेले आपल्या देशाचे हजारो शिपाई होते. त्यांच्याखेरीज ज्यांनी कधी शस्त्र हाती धरले नाही असे मिशनरी, शिक्षक, बायका व लेकरेही शत्रुराष्ट्रांची प्रजा म्हणून कोंडली गेली. त्यांपैकी एरिक लिडेल ह्या प्रभुसेवकाचे चरित्र आम्ही शिरपूर जैन व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांपुढे ठेवीत आहो.

लिडेलसाहेबांचा जन्म १९०२ साली चीन देशातील तिएनत्सिन शहरी झाला. त्यांचे आईबाप लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक होते. एडिंबरो येथे शिकत असता धावण्यात त्यांची मोठी कीर्ती झाली. १९२४ सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरांची शर्यत ते जिंकतील अशी पुष्कळांस आशा होती. परंतु तिची पहिली फेरी रविवारी आहे असे कळताच त्यांनी ती शर्यत सोडली. लोकांनी दोष दिला, तो त्यांनी सोसला. मग त्यांनी चारशे मीटरांची शर्यत पतकरली व ४७.६ सेकंदांत ती जिंकून सुवर्णपदक मिळविले.

पुढल्याच वर्षी सर्व मानसन्मान मागे ठेवून ते चीनला परतले. प्रथम तिएनत्सिनला त्यांनी शिक्षकाचे काम केले. नंतर आपले उपदेशक फिरतात तसे ते सायकलीवरून खेडोपाडीच्या लहान मंडळ्यांस भेटी देत. १९४१ साली युद्धाचे संकट ओळखून त्यांनी गरोदर पत्नीस व दोन मुलींस कॅनडास पाठविले. तिसऱ्या मुलीचे मुख त्यांना कधीच दिसले नाही.

मार्च १९४३ मध्ये त्यांना वेइशियेनच्या छावणीत नेले. ते मूळचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आवार होते. तेथे दीड हजारांच्या वर माणसे दाटीने राहत. लिडेलसाहेब मुलांस शिकवीत, म्हाताऱ्यांसाठी कोळसा व पाणी वाहत, तरुणांचे खेळ चालवीत. मात्र रविवारी खेळ नसत. एका रविवारी मुले पंचावाचून खेळली व त्यांत मारामारी झाली. त्यानंतर लिडेलसाहेब स्वतः रविवारी पंच म्हणून मैदानात उभे राहिले.

बंधूंनो, सुवर्णपदकासाठी ज्याने प्रभुवार मोडला नाही, तो भांडणाऱ्या लेकरांसाठी मैदानात उतरला. पदकात स्वतःचा मान होता. मैदानात दुसऱ्याचे हित होते. आपल्या खेड्यांतही रविवारी बाजाराचा लाभ बोलावतो व शेजाऱ्याचे दुःखही बोलावते. ह्या दोहोंतील भेद ओळखणे हेच शिष्यत्व होय. विहिरीत पडलेल्या बैलाविषयी प्रभूने केलेला प्रश्न हेच शिकवितो.

आपणांस कोंडणाऱ्या जपान्यांसाठी प्रार्थना करावी असे ते मुलांस सांगत. त्या मुलांपैकी एक जण पुढे खुद्द जपानात मिशनरी होऊन गेला.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीच्या विकाराने लिडेलसाहेब छावणीतच प्रभूमध्ये निजले. वय अवघे ४३ वर्षांचे होते. १७ ऑगस्टला छावणी मुक्त झाली. ती सुटका त्यांनी पाहिली नाही. पण बंदिवासातही प्रीतीस कुंपण घालता येत नाही, हे त्यांनी दाखविले. आज जे कोठेही बंधनांत आहेत त्यांची, त्यांच्याबरोबर आपणही बांधलेले आहो असे समजून, मंडळीने आठवण करावी.