डॉ. जॉर्ज हंटिंग्टन

शास्त्रज्ञ म्हटला की प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि ग्रंथांच्या राशी असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत त्या डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांच्यापाशी यांतले फारसे काही नव्हते. घोडागाडीतून खेडोपाडी रोगी पाहत हिंडणारे ते एक साधे डॉक्टर. त्यांच्या नावावर महत्त्वाचा असा निबंध एकच, आणि तो त्यांनी वाचला तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तरीही बुद्धिभ्रंश घडवून आणणारे रोग पिढ्यान्‌पिढ्या कसे चालत येतात, या प्रश्नाचा इतिहास त्यांच्या नावावाचून लिहिताच येत नाही.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८५० रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड या बेटावर, ईस्ट हॅम्प्टन या गावी झाला. आजोबा डॉ. एबल हंटिंग्टन हे १७९७ मध्ये या गावी येऊन स्थायिक झाले होते. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र डॉ. जॉर्ज ली हंटिंग्टन यांनी तोच व्यवसाय त्याच गावात चालविला. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून एकेका घराण्याच्या कितीतरी पिढ्या सापडतात. ईस्ट हॅम्प्टनच्या घराण्यांच्या दुखण्यांची अशीच एक चोपडी हंटिंग्टन यांच्या घरात तयार होत होती, असे म्हणावयास हरकत नाही. कोणाचा आजा कशाने गेला, कोणाची मावशी कोणत्या वयात अंथरुणाला खिळली, हे या घरात ठाऊक असे. शहरातील मोठ्या इस्पितळात रोगी येतो तो एकटा येतो. गावातील डॉक्टराला मात्र त्याचे सारे गोत माहीत असते. पुढे जे घडले त्याचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

जॉर्ज आठेक वर्षांचे असताना वडिलांबरोबर गाडीतून रोगी पाहावयास निघाले होते. ईस्ट हॅम्प्टनहून ॲमागॅन्सेटकडे जाणाऱ्या झाडीच्या रस्त्यावर त्यांना दोन स्त्रिया भेटल्या. एक आई, दुसरी तिची मुलगी. दोघीही उंच, अगदी कृश, आणि दोघींचेही अंग सारखे वाकत, पिळवटत होते. चेहरे वेडेवाकडे होत होते. मुलगा विस्मयाने, काहीशा भीतीनेच पाहत राहिला. वडिलांनी गाडी थांबवली, त्या दोघींशी चार शब्द बोलले आणि गाडी पुढे निघाली. डॉ. हंटिंग्टन यांनी ही हकीकत पन्नास वर्षांनी, १९०९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मज्जातंतुवैद्यांच्या सभेपुढे सांगितली. आपल्या वैद्यकीय शिक्षणाचा पहिला धडा तोच, असे त्यांना वाटत असे.

१८७१ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. घरी परतल्यावर त्यांनी एक निबंध लिहावयास घेतला; वडिलांनी पेन्सिलीने त्यावर दुरुस्त्या केल्या. मग ते ओहायो राज्यात पोमरॉय येथे व्यवसायासाठी गेले, आणि जवळच्या मिडलपोर्ट गावी १५ फेब्रुवारी १८७२ रोजी वैद्यांच्या एका मंडळापुढे त्यांनी तो निबंध वाचला. एप्रिलमध्ये तो फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

निबंधाचा विषय होता कोरिया. (या नावाच्या देशाशी रोगाचा काही संबंध नाही, ग्रीक भाषेत नृत्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. हातपाय आपोआप नाचू लागतात म्हणून.) निबंधाचा बहुतेक भाग लहान मुलांना होणाऱ्या सामान्य कोरियाविषयी आहे, आणि तो इतर कोणत्याही तरुण डॉक्टराने लिहावा तसाच आहे. खरा ऐवज शेवटच्या थोड्या परिच्छेदांत आहे. तेथे लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला काही घराण्यांत आढळणाऱ्या एका निराळ्या कोरियाचे वर्णन येते. त्याची तीन लक्षणे त्यांनी सांगितली. हा रोग वंशपरंपरेने येतो. त्यात वेड लागण्याकडे व आत्मघाताकडे प्रवृत्ती होते. आणि तो माणूस मोठा झाल्यावरच, बहुधा तिशी-चाळिशीत, प्रकट होतो. मग तो थोडाथोडा वाढत जातो, शरीराबरोबर बुद्धीही खचत जाते, आणि त्यातून कोणी बरे होत नाही.

याहून मोलाचे निरीक्षण पुढे आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाला हा रोग असेल तर मुलांपैकी काहींना तो होतोच. परंतु एखादे मूल त्यातून सुटले, तर त्याची मुले-नातवंडे कायमची सुटली. धागा एकदा तुटला की तो पुन्हा जुळत नाही. रोग एक पिढी गाळून पुढच्या पिढीत उगवत नाही. आजच्या आनुवंशशास्त्रात यालाच प्रभावी गुणाचा वारसा म्हणतात. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६५ मध्ये ब्रनो येथे सांगितले होते, पण १९०० पर्यंत त्यांची कोणी दखल घेतली नाही. हंटिंग्टन यांच्यापाशी मेंडेलचे नियम नव्हते. त्यांच्यापाशी होती तीन पिढ्यांची, सुमारे पाऊणशे वर्षांची, एका गावातील माहिती. पुढे बेटसन, पुनेट आदी इंग्रज शास्त्रज्ञांनी मेंडेलचे नियम माणसांच्या रोगांना लावून पाहिले, तेव्हा हा रोग त्या नियमात चपखल बसला.

याआधी कोणी हा रोग पाहिलाच नव्हता असे नाही. अमेरिकेत वॉटर्स यांनी १८४१ मध्ये, नॉर्वेत लुंड यांनी १८६० मध्ये आणि पुन्हा अमेरिकेत लायन यांनी १८६३ मध्ये त्याचे वर्णन केले होते. मात्र हंटिंग्टन यांचे वर्णन इतके थोडक्यात आणि इतके नेमके होते की जर्मन वैद्यकीय वार्षिकात त्याचा गोषवारा त्याच वर्षी आला आणि रोगाला त्यांचेच नाव चिकटले. मौज अशी की, हा रोग आपण व्यवहारोपयोगी म्हणून नव्हे, तर केवळ वैद्यकातील एक नवल म्हणून सांगत आहोत, असे त्यांनी निबंधाच्या शेवटी नम्रपणे नमूद केले होते!

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे थोडक्यात सांगता येतील. १८७४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील डचेस जिल्ह्यात गेले आणि मधली थोडी वर्षे सोडता तेथेच त्यांनी वैद्यकी केली. दम्याने ते बेजार असत. फावल्या वेळी बासरी वाजवावी, मासेमारी व शिकार करावी, पशुपक्ष्यांची चित्रे काढावीत, असा त्यांचा क्रम होता. या रोगावर त्यांनी पुन्हा संशोधन केले नाही. सर विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या श्रेष्ठ वैद्याने १९०८ मध्ये त्यांच्या वर्णनाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, तेव्हाही ते आपल्या रोग्यांतच गढलेले होते. ३ मार्च १९१६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचा पुढचा प्रवास सर्वस्वी सुखाचा नाही, आणि तो आम्ही लपवणार नाही. ज्या वर्षी हंटिंग्टन वारले त्याच वर्षी अमेरिकेतील डेव्हनपोर्ट यांनी ९६२ रोग्यांची वंशावळ प्रसिद्ध केली आणि अशा घराण्यांच्या संततीवर सरकारने बंधन घालावे असे सुचविले. जर्मनीत १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, त्यातील रोगांच्या यादीत या रोगाचेही नाव होते. १९३२ मध्ये तर एका लेखकाने, ही घराणी म्हणजे इंग्लंडहून आलेल्या चेटकिणींचे वंशज, अशी कथा रचली. ती पुढे खोटी ठरली. ॲलिस वेक्सलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, ईस्ट हॅम्प्टनची ही घराणी गावात मानाने नांदत होती. हंटिंग्टन पितापुत्रांना हे सांगावे लागले नसते. त्या रस्त्यावर बापाने गाडी थांबवून त्या मायलेकींची विचारपूस केली होती.

या रोगाचे जनुक सापडले तेही घराण्यांच्याच वंशावळीतून. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग फार आहे. तेथील डॉ. अमेरिको नेग्रेते यांनी १९५५ मध्ये तो ओळखला. नॅन्सी वेक्सलर, म्हणजे वर सांगितलेल्या ॲलिस यांच्या भगिनी, १९७९ नंतर आपल्या सहकाऱ्यांसह तेथे जाऊ लागल्या. या भगिनींची आई याच रोगाने १९७८ मध्ये वारली होती. त्यांनी जमविलेल्या वंशावळीत पुढे १८,००० हून अधिक माणसे आली. रोगाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये कळले, आणि दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, खुद्द जनुक हाती आले. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुनःपुन्हा येतात. ही पुनरावृत्ती बहुतेकांत २६ किंवा त्याहून कमी असते. ती ४० वा अधिक झाली की रोग ठरलेलाच. या जनुकाने घडविलेल्या प्रथिनाला हंटिंग्टिन असे नाव दिले आहे.

आपल्याकडे सोयरीक जुळविताना कुळात काही व्याधी आहे काय, अशी चौकशी वडीलधारी मंडळी दबक्या आवाजात करीत आली आहेत. या रोगाच्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलापुढे तोच प्रश्न उघड उभा असतो, आणि उत्तर छाप्या-काट्यासारखे असते. आज रक्ताच्या एका परीक्षेने ते उत्तर मिळते. अंगाची हालचाल कमी करणारी औषधे आहेत, पण रोग समूळ घालविणारे औषध नाही. त्यामुळे परीक्षेची सोय असूनही अशा घराण्यांतील थोडेच लोक ती करून घेतात. काहींना लग्नाआधी, मुले होण्याआधी जाणून घ्यावेसे वाटते. पुष्कळांना वाटत नाही, आणि तसे न वाटण्याचा त्यांचा हक्क डॉक्टर मान्य करतात. परीक्षा करण्यापूर्वी त्यांच्याशी सावकाश बोलणे, घाई न करणे, अठरा वर्षांखालील निरोगी मुलांची ही परीक्षा न करणे, असे नियम आता वैद्यकात रूढ झाले आहेत.