चुलीतला धूर आणि कुमारप्पांचे अर्थशास्त्र

रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी वसले आहे. अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा. पौषातल्या थंडीत या काठावरच्या घरांना ऊब देणारी वस्तू पिढ्यान्पिढ्या एकच होती, ती म्हणजे चूल. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर ती पेटे. अंघोळीचे पाणी तापे, भाकरी भाजली जाई, मुले जवळ बसून शेकत. मात्र या उबेची किंमत घरातली बाई डोळ्यांनी आणि छातीने मोजत असे. त्या किमतीचा हिशेब अर्थशास्त्रात धरला गेला पाहिजे, असे ज्यांना वाटले त्या मोजक्या विद्वानांत जे. सी. कुमारप्पा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनमध्ये सनदी लेखापालाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत उत्तम व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया या विद्यापीठांत उच्च शिक्षण घेतले. भारताच्या सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना देशाच्या दारिद्र्याची कारणे त्यांना आकड्यांतून दिसू लागली आणि विलायती राहणीचा हा गृहस्थ आतून बदलला. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली. त्यांनी कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव धारण केले, खादी स्वीकारली आणि गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी हाती घेतली.

हिशेबाच्या बाबतीत ते कठोर होते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा खुद्द गांधीजींच्या लवाजम्याचा खर्चही निधीतून करण्यास त्यांनी नकार दिल्याचे सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस कुमारप्पा होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत संघाचे कार्यालय थाटले गेले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले.

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, गूळ अशा उद्योगांवर प्रयोग सुरू झाले. १९३८ च्या सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कुमारप्पांना दिले. सहाशेंहून अधिक खेडी पाहून अहवाल तयार झाला. कापूस पिकवणारा प्रांत कंगाल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

याच मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर घराबाहेर नेणारी मगनचूल आकाराला आली. चुलीची रचना साधी होती. मातीत बांधलेली बंदिस्त भट्टी, एकामागे एक वैले आणि शेवटी धुराडे. धुराड्याच्या ओढीने हवा आत शिरे, तापलेले वायू मागच्या भांड्यांखालून जात आणि धूर छपरावर निघे. थंड देशांतील आधुनिक लाकडी शेगड्यांतही बंदिस्त आग आणि धुराड्याची ओढ हेच मूळ तत्त्व आहे. मगनचुलीत उणिवाही होत्या. माती तडकली किंवा धुराडे काजळीने भरले, की धूर पुन्हा घरात येई. वैले मोकळे राहिले तर जळणाची बचत होत नसे. चूल बांधून देणे सोपे, ती वर्षानुवर्षे नीट राखणे कठीण, हा धडा १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमालाही पुन्हा शिकावा लागला.

जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ लिहिला. दगडी कोळसा आणि खनिज तेल हे वापराने संपणारे साठे आहेत. त्यांच्यावर उभी राहिलेली व्यवस्था शेवटी भांडणे आणि युद्धांकडे जाते. उलट, वाढीच्या मर्यादेत तोडलेले लाकूड हा वाहता झरा आहे, असा त्यांचा विचार होता. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. मात्र देशाने मोठ्या उद्योगांची वाट धरली आणि ते एकाकी पडत गेले. काही काळ वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे आश्रम चालवून ते तमिळनाडूत परतले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून खेडोपाडी गॅस पोहोचला. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च जड वाटला, की अनेक घरांत पऱ्हाट्यांची मोळी चुलीकडे वळते. चूल मागासलेली म्हणून टाकून द्यायची, की तिचा धूर काढून ऊब राखायची? कुमारप्पांनी दुसरा मार्ग निवडला होता. त्या मार्गावरचे काम अजून पुरे व्हायचे आहे.